गप्प राहिली म्हणजे हो म्हणाली?

दुसरी पाळी संपवून वस्तीत आलो तर एका खोलीत अजून दिवा. दाराबाहेर आमची दहा-बारा पोरं. आत ती. काय घडलं ते सगळ्यांना कळलेलं. एक म्हातारा म्हणाला, "मग वरडली का नाय?" आम्ही त्याच्या अंगावर धावून गेलो. मग निवेदन लिहायला बसलो. माझं अक्षर बरं, त्यात कवी. मजकूर झकास उतरला. तिच्या नावासकट. सकाळी दहाला मोर्चा ठरला.

सकाळी दाराला कुलूप. आई तिला घेऊन पहाटेच्या एस्टीने गावी गेली होती.

म्हाताऱ्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही विचारलेला आहे, मित्रांनो. देसाईगंजचं पोलीस ठाणं, मार्च १९७२. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. एक आदिवासी मजूर पोरगी, चौदा ते सोळा वर्षांची. भावानेच तक्रार दिली म्हणून सगळे ठाण्यात गेलेले. बाकीच्यांना बाहेर जा म्हटलं, हिला थांबवलं. सेशन कोर्टाने पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने परत सोडलं. का, तर अंगावर जखम नाही, ओरडल्याचं पटत नाही, म्हणजे तिची संमती! अरे, दार बंद, दिवा बंद, समोर वर्दी. ओरडून बोलवायचं कुणाला? पोलिसाला?

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं या दोन गोष्टी आहेत, हे त्यांनी बजावलं. बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हेही २०१३ साली कायद्यात आलं.

आता आपलं बघू. ती आत गप्प बसली होती. कोर्टाने त्या पोरीच्या गप्पपणाचा अर्थ "हो" लावला. आम्हीही हिच्या गप्पपणाचा अर्थ "हो" लावला, मोर्चाला हो. म्हाताऱ्यावर धावून जाणारे आम्ही कोण मोठे लागून गेलो?

एक कार्यकर्ता मला म्हणाला, "हा तिच्या एकटीचा प्रश्न नाय. बाईच्या अंगावरून आख्ख्या वस्तीला धडा शिकवतात." खरं आहे, शंभर टक्के खरं. पण म्हणून तिचं अंग वस्तीच्या मालकीचं होत नाही. आणि करणारा आपल्यातलाच निघाला की हाच गडी म्हणतो, "समाजाची बदनामी नको." म्हंजे बोलायचं कधी आणि गप्प कधी बसायचं, दोन्ही आपणच ठरवणार.

त्या रात्री तिला काय विचारायला हवं होतं? दवाखान्यात येतेस का, एवढंच. दिवस राहू नयेत आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून औषधं असतात. ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. सरकारी असो की खाजगी, दवाखान्याला तिच्यावर फुकट उपचार करावेच लागतात. दवाखाना पोलिसांना कळवतो, हे तिला आधीच सांगायचं. अठरांच्या आतली असेल तर कळवणं कायद्यानेच भाग. कपडे धुवायचे नाहीत, कागदात बांधून ठेवायचे. अंघोळ झाली असली तरी जायचं. दोन बोटांची ती घाण तपासणी करणाऱ्या डॉक्टरला दोषी धरलं जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलंय. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. जबाब बाई अधिकाऱ्यानेच घ्यायचा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती अनुसूचित जाती-जमातीतली आणि करणारा त्याबाहेरचा असेल तर ॲट्रॉसिटी लावायला सांगायचं. आधी चौकशी करतो, मग नोंदवतो, हे ऐकून घ्यायचं नाही.

यातलं मला त्या रात्री काहीच ठाऊक नव्हतं. घोषणा मात्र वीस पाठ होत्या. तिचं नाव छापणं हा गुन्हा आहे हेही नंतर कळलं. देसाईगंजचा खटला कायद्याच्या पुस्तकात आरोपीच्या नावाने आहे, लोकांच्या तोंडी मात्र त्या पोरीच्या नावाने. मी ते इथं लिहीत नाही.

त्या रात्री आत तिच्याजवळ एकच बाई होती, वाइंडिंग खात्यातली. तिने काही विचारलं नाही. चहा केला, पाठीवर हात ठेवून बसली. आम्हाला वाटलं, हिला चळवळ कळत नाही.

मंडळाच्या बैठकीत मी हा विषय दोनदा काढला. दोन्ही वेळा "पुढच्या बैठकीत बघू" असं ठरलं. बैठकीत बाई एकही नव्हती.