नाशिकास एक दिवस



पाबळ गावात मस्तानीची कबर आहे, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. सन १७४० मध्ये ती वारली. पुण्याच्या वाड्यात घरची म्हणून जिला मान मिळाला नाही, तिला अखेर जागा मिळाली ती पाबळच्या मातीत. दाराबाहेर ठेवलेल्या मनुष्याची अशी आठवण शेजारीच असता तीच गोष्ट पाहण्यास आम्ही दूर जावे, हे नवलच. पण जाण्याच्या वेळी आम्हांस ते कळले नव्हते. पाबळकडील खेड्यांतील आम्ही काही मंडळी, लेकरेबाळे घेऊन, पहाटे बसमध्ये बसलो आणि नारायणगाव, संगमनेर, सिन्नर ह्या वाटेने नाशिकास पोहोचलो.

गोदावरीच्या काठी रामकुंडावर स्नानास आलेल्या लोकांची गर्दी होती. कोणी अस्थी घेऊन आले होते, कोणी म्हाताऱ्या आईला हात धरून पायऱ्या उतरवीत होते. त्यांच्या श्रद्धेची थट्टा करणे आम्हांस शोभले नसते, आणि कोणी केलीही नाही.

तेथून आम्ही काळाराम मंदिराच्या दाराशी गेलो. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुढारपणाखाली हजारो स्त्रीपुरुष ह्याच दारांपुढे आले आणि दारे बंद करण्यात आली. त्या वर्षीच्या रामनवमीस रथाच्या वेळी दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड व त्यांचे सोबती पुढे काही वर्षे झगडत राहिले. आज ते दार सर्वांस उघडे आहे. आमच्यातील एक वृद्ध बाबा काळ्या दगडाच्या त्या भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. काय मनात आले, ते त्यांनी सांगितले नाही व आम्ही विचारले नाही.

पुढे शरणपूर. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने ही ख्रिस्ती वसाहत वसविली. समुद्रावर गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकन मुले मुंबईहून येथे आणून त्यांस विद्या व हुन्नर शिकवीत. त्यांपैकी एक जेकब वेनराइट. सन १८७३ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांचे शव कित्येक महिने चालून समुद्रकाठी आणणाऱ्यांत हा तरुण होता. शवाबरोबर तो इंग्लंडास गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत तोही होता. ज्याला बालपणी विकले गेले, त्याचा हात त्या पेटीला लागला! आमची मुले हे ऐकून स्तब्ध झाली.

दुपारी झाडाखाली शिदोऱ्या सोडल्या. लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर जलालपूर नाशिकाजवळच, तेव्हा त्यांच्या वडिलांची गोष्ट निघाली. सोवळ्यापायी ते मीठसाखरही धुवून घेत, असे 'स्मृतिचित्रे'त लिहिले आहे. सर्व खूप हसले. हसता हसता आमची नजर पंगतीकडे गेली. पंगती दोन होत्या.

आमचे वाडवडील दोन निरनिराळ्या वाड्यांतून प्रभूकडे आले. ते वाडे कोणते, हे वाचकांस सांगावयास नको. भाकरी दोन्हीकडे बाजरीचीच होती, चटणीही तीच. मध्ये हातभर जागा मोकळी होती आणि ती कोणी ठरवून ठेवली नव्हती, हेच अधिक वाईट.

गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय तेव्हा आठवला. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे; पण यरुशलेमेकडील माणसे येताच भिऊन हळूहळू बाजूला सरला, आणि पौलाने त्याला सर्वांदेखत दोष दिला. पेत्राने मत बदलले नव्हते, फक्त जागा बदलली होती. मंदिराचे दार बंद करणाऱ्यांची नावे इतिहासात राहतात, पण आमच्या ह्या हातभर जागेचा दोष कोणाच्या नावे लिहावा? आम्ही आमच्याच नावे लिहितो, कारण ती जागा पाहूनही त्या झाडाखाली आम्ही गप्प राहिलो.

परतीस सिन्नरच्या पुढे दिवे लागले, तेव्हा बसमध्ये हा अध्याय वाचला. कोणी काही बोलले नाही. नारायणगावी उतरल्यावर एका काकूंनी उरलेल्या भाकऱ्यांचे फडके मधोमध सोडले व "या" म्हटले. बहुतेक आले. दोघीजणी भूक नाही म्हणून बसमध्येच बसून राहिल्या.