आपद्धर्माची मर्यादा

आपद्धर्म हा धर्मच होय. महाभारताच्या शांतिपर्वात त्यासाठी स्वतंत्र उपपर्व योजिलेले आहे. खरी अडचण पडते ती आपत्ती संपली केव्हा, हे ठरविताना. हा प्रश्न पोथीपुरताच आहे असे नव्हे. मोटारीच्या एंजिनात पाणी ओतण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीतही तो उभा राहतो, व तेथे त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट दिसते. म्हणून तेच उदाहरण आम्ही घेतो.

एंजिन थंड राखण्यासाठी जो द्रव त्यात खेळविलेला असतो, ज्याला सर्वत्र कूलंट म्हणतात, त्यात साधारणतः निम्मे पाणी व निम्मे एथिलीन ग्लायकॉल असून गंज रोखणारी द्रव्येही अल्प प्रमाणात असतात. उष्णता वाहून नेण्याच्या कामी नुसते पाणी या मिश्रणाहून उणे नाही, किंबहुना सरसच आहे. तेव्हा घाटात वाफा टाकणारी गाडी ज्याने थांबविली, एंजिन निवू दिले व जवळचे पिण्याचे पाणी ओतून मुक्काम गाठला, त्यास कोणीही दोष देणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, जे एकदा निरुपद्रवी ते दहादाही निरुपद्रवीच. परंतु हा युक्तिवाद हिशेबास टिकत नाही. 6 लिटर द्रव मावणाऱ्या एंजिनातून दर खेपेस 1 लिटर गळतो व तितकेच पाणी भरले जाते असे समजू. ग्लायकॉलचे प्रमाण शेकडा 50 वरून अनुक्रमे सुमारे 42, 35, 29 आणि चौथ्या खेपेस 24 वर येते. गंजरोधक द्रव्येही त्याच मानाने निम्म्याहून कमी उरतात. त्यात पाणी विहिरीचे जड असेल, तर त्यातील क्षार रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसू लागतात. मूळ मिश्रण उणे 37 अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. पुण्यात याचे महत्त्व नाही. पण लडाखच्या हिवाळ्यात पातळ झालेला द्रव गोठू लागतो, आणि पाणी गोठताना शेकडा 9 ने फुगत असल्यामुळे एंजिनाचा ठोकळाही तडकू शकतो.

आणि इतके होऊनही टाकीवरची खूण चारही वेळा ‘पूर्ण’ असेच सांगत असते. ती द्रवाची उंची मोजते, गुण मोजीत नाही. कोणीही असत्य बोललेले नसते; तरी पाहणारा फसतो. शिवाय हा द्रव बंद मार्गात फिरत असल्यामुळे वापराने सरत नाही. तो वारंवार कमी होत असेल, तर कोठे तरी नळी, पंप किंवा गॅस्केट गळत आहे, असाच त्याचा अर्थ. उतरलेली पातळी ही गळतीची सूचना होती. पाण्याने आपण ती पुसून टाकतो.

छांदोग्योपनिषदातील उषस्ति चाक्रायणाची कथा येथे आठवते. दुष्काळात त्याने हत्ती बाळगणाऱ्या एका माणसाचे उष्टे कुळीथ मागून खाल्ले. परंतु त्याचे उष्टे पाणी मात्र नाकारले. कारण विचारता तो म्हणाला की, ते धान्य न खाता तर मी जगलो नसतो. पाणी मला हवे तेथे मिळते. जेथे गरज संपली, तेथेच त्याने सवलतही संपविली. त्याच जेवणात, त्याच घटकेला!

कोणी विचारील, ज्या टॅक्सीवाल्यास एक दिवस गाडी बंद ठेवणेही परवडत नाही, त्याने काय करावे? त्याची आपत्ती आमच्या उपदेशाने संपणार नाही, हे आम्ही जाणतो. तो आणखी आठ दिवस पाणी ओतील, आणि त्याबद्दल त्यास अधर्मी म्हणणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते. परंतु गाडी दुसऱ्या चालकाच्या हाती देताना, किंवा ती विकताना, ‘यात पाणी आहे, आणि कोठे तरी गळते आहे’ एवढे सांगण्यास त्याला एक पैही खर्च येत नाही. खर्च परवडत नाही म्हणून दुरुस्ती लांबविता येईल; हे सांगणे मात्र कोणत्याही आपत्तीच्या नावाने लांबविता येणार नाही. कारण आपत्ती त्याची होती. तिचे फळ आता दुसऱ्याच्या वाट्यास येणार आहे.