न दुखणाऱ्याची कणव

खामगावाहून अकोल्याकडे निघालेल्या हमरस्त्याला लागून एका मिस्त्रींचे पत्र्याच्या छपराचे गॅरेज आहे. माझा पुतण्या यंत्रशास्त्राची परीक्षा देऊन घरी आला, तेव्हापासून तो तेथे जाऊन बसे. आणि निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय, त्याच्या मागोमाग मीही. त्या दिवसांत तेथे एका ट्रकचे सहा सिलिंडरांचे इंजिन खोलून मांडले होते.

एका ओळीत सहाच का, हे मला त्या वयात कळले. पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा अशा पिस्टनांच्या जोड्या एकदम वरखाली होतात, आणि तिन्ही जोड्या तृतीयांश फेऱ्याने मागेपुढे असतात. एकीचा हिसका दुसऱ्या दोघी खोडून काढतात. (जावाजावांचे असे जमते तर!) त्यावर टर्बो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने त्याचे पेटंट १९०५ साली घेतले. कल्पना काटकसरी गृहिणीला पटावी अशी आहे : फुकट जाणाऱ्या तप्त धुराने एक चक्र फिरवायचे, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची. हवा जादा तर डिझेल जादा जळते, जोर वाढतो. तो दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत.

पुतण्याला शर्यतीचे वेड. २०१४ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडाला टाटांच्या ट्रकांची शर्यत झाली, २०१६ मध्ये आपले ट्रकचालकही तेथे उतरले, हे सारे त्याला मुखोद्गत. मिस्त्रींच्या मागे त्याचा धोशा एकच : हवेचा दाब आणखी वाढवा.

मी सहज शंकरपटाचा विषय काढला. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला.

"पण काका, बैलाला दुखते," पुतण्या म्हणाला. "इंजिनाला काय दुखते? ते ताणायला हरकत कोणती?"

मला चटकन उत्तर सुचेना. प्रथम वाटले, निर्जीवाला निर्दयपणे वागवणाऱ्याचा हात पुढे सजीवावरही पडतो. पण हे खरे नव्हे. आपली मोटार रोज मऊ फडक्याने पुसणारा आणि घरच्या गड्याशी कधी धड न बोललेला एक गृहस्थ मी जवळून पाहिला आहे. वस्तूंची माया माणसांपर्यंत पोचतेच, अशी हमी कोणी द्यावी?

मग मी दुसऱ्या बाजूने विचार करू लागलो. युरोपातल्या ट्रकांच्या शर्यतीत इंजिने हजार अश्वशक्तींहून जोरदार असतात, तरी ताशी १६० किलोमीटरच्या वर जायचे नाही असा नियम आहे. इंजिनाने काही गाऱ्हाणे केले म्हणून तो झालेला नाही. पाच टनांहून जड धूड वळणावर सुटले तर कोणाच्या अंगावर जाईल, याचा तो हिशेब आहे. दुखणे इंजिनाचे नसते, पण ते कोठेतरी असतेच. मिस्त्रींनी तेच आपल्या भाषेत सांगितले : "अरे, गास्किट उडंल थे घाटात उडंल. तवा तू नाही राह्यणार तिथं, डायवर राह्यल."

पुतण्या गप्प झाला. पटले असे मात्र म्हणाला नाही. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर, स्वतःच्या जिवावर कोणी दाब वाढवला तर त्याचे काय, हा त्याचा प्रश्न शिल्लकच होता, आणि तो मला अजून सुटलेला नाही.

इंजिन जुळल्यावर मिस्त्री ट्रक दूरवर पळवून आणून छपराशी उभा करीत होते. पुतण्या उत्साहाने वर चढला आणि इंजिन बंद करायला त्याने हात पुढे केला. मिस्त्रींनी त्याचे मनगट धरले. "थांब. टर्बो फिरून राह्यला अजून. आता तेल तोडलं तं जळंल थो. दम खाऊ दे त्याले."

दोन-तीन मिनिटे गेली असतील. इंजिन मंद घुरघुरत होते, आणि पुतण्याचे मनगट मिस्त्रींच्या काळ्या बोटांत तसेच होते.