माशांचे बिऱ्हाड

घर बदलताना संसाराचे खरे वजन कळते. कोणती वस्तू न्यायची आणि कोणती टाकायची, याचे निर्णय घाईघाईने होतात. आईचा जुना पाटा-वरवंटा शेजारी देऊन टाकण्याचे आम्ही दोन मिनिटांत ठरविले. वाद झाला तो बैठकीच्या खोलीतल्या मत्स्यपेटीवरून. ३ फूट लांब, १ फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी ती पेटी, तिच्यात तीन गोल्डफिश आणि काचेला चिकटून राहणारा एक सकर मासा. वसईच्या वाडीतले घर सोडून आम्ही इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार होतो. “मासे कशाला नेता? बावखलात सोडून द्या, मोकळ्या पाण्यात सुखाने राहतील,” असे शेजारच्या काकांनी सुचविले. सूचना प्रेमळ होती आणि आमच्या सोयीचीही होती. म्हणूनच ती तपासून पाहावी असे वाटले.

कोंडलेल्या जिवाला मोकळे करणे ही दया, असे आपण सहसा मानतो. परंतु गोल्डफिश हा रानातून धरून आणलेला मासा नव्हे. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपासून माणसाने निवडून, जोपासून त्याचा हा रंग आणि हे गुबगुबीत शरीर घडविले आहे. बावखलात तोच झगझगीत रंग बगळ्याला आणि खंड्याला आमंत्रण ठरेल. सकर माशाची गोष्ट याच्या उलट. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, चिवट आणि फूटभराहून अधिक वाढणारा. तो काठाला बिळे पाडतो, स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी होतो. उजनीच्या जलाशयात मासेमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटू लागली आहेत, तीही कोणीतरी कधीतरी केलेल्या अशाच ‘दयेची’ फळे असावीत. म्हणजे आमच्या एका उदार कृतीने काही जीव मरणाच्या दारी गेले असते आणि एक दुसऱ्यांच्या जिवावर उठला असता. त्या कृतीतून खरोखर मोकळे झालो असतो ते आम्हीच.

येथे कोणी विचारील, आणि घरातल्या मुलाने विचारलेही, की शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून आपण बोंबील आणि पापलेट आवडीने खातो. मग या चार माशांसाठी एवढा विचार का? प्रश्न रास्त आहे. ताटातला मासा आणि पेटीतला मासा यांच्या जिवाचे मोल वेगळे आहे, असे आम्ही म्हणू शकत नाही. वेगळे आहे ते आमचे त्यांच्याशी असलेले नाते. खाडीतल्या माशाचे पाणी, अन्न आणि निवारा आमच्या हाती कधीच नव्हते. पेटीतल्या माशाला आम्ही चार काचांच्या आत आणले, तेव्हाच त्याची नदी होण्याचे काम आम्ही न बोलता पत्करले. ज्याला आपल्यापासून निघून जाता येत नाही, त्याचे आपण अधिक देणे लागतो.

हे आम्हांला आधीपासून कळत होते असे नाही. पंचवीस वर्षांपूर्वी भाड्याच्या खोलीतून वाडीत आलो, तेव्हाही एक लहान पेटी बरोबर होती. आम्ही ती घासूनपुसून लख्ख केली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला, जुने पाणी ओतून दिले आणि नवे भरले. पाणी स्फटिकासारखे दिसत होते. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, आणि आठवड्याच्या आत चारांपैकी तीन गेले.

कारण पुढे समजले. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो आणि तो त्यांना विषारी असतो. स्पंजात आणि तळाच्या खडीत वस्ती करून राहिलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी घातक असे नायट्रेट करतात. ही वस्ती उभी राहण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. ती आम्ही एका सकाळी क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढली होती. “आम्हांला ठाऊक नव्हते,” असे तेव्हा आम्ही म्हणालो. कळण्याचा मार्गच नसेल तर अज्ञान क्षम्य असते. पण मासे घेतलेल्या दुकानात एक प्रश्न विचारणे अशक्य नव्हते. चकचकीत पाणी आमच्याच डोळ्यांना आवडले, आणि माशांना काय हवे हे विचारायचे राहून गेले.

या वेळी मासे बरोबर न्यायचे ठरले. आदल्या दिवशी खाणे बंद केले. पिशव्यांत एक-तृतीयांश पाणी आणि बाकी हवा ठेवून मासे त्यांत घेतले. पेटी काठोकाठ भरली तर तिच्यात सव्वाशे किलोंहून अधिक पाणी मावते आणि हलवताना सांधे उकलतात, म्हणून ती रिकामी करून नेली. मळकट स्पंज मात्र न धुता, जुन्या पाण्यात बुडवून, बादलीतून मांडीवर धरून नेला. नव्या पाण्यातील क्लोरीन औषधाने घालविले, पिशव्या वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवल्या आणि मग मासे हळूहळू सोडले. दोन दिवस ते कोपऱ्यात बसून होते. तिसऱ्या दिवशी सकर मासा काचेला चिकटला आणि घरात आनंद झाला.

त्याच संध्याकाळी आई गॅलरीत एकटी बसलेली दिसली. नव्या घरात तिची खोली स्वच्छ होती, पलंग नवा होता, भिंतीला रंग ताजा होता. तिचा पाटा नव्हता, मागच्या दाराशी येऊन बोलणारी शेजारीण नव्हती, पहाटेच्या मिस्साला पायी जाण्याची वाट नव्हती. माशांसाठी जुना स्पंज मांडीवर धरून आणणाऱ्या आम्ही तिचे असे काय आणले होते?

पाटा दुसऱ्या दिवशी परत आणला. रविवारी आईला वाडीत नेण्याचा नेम आम्ही अद्याप मोडलेला नाही. सारे भरून निघाले असे म्हणवत नाही. एवढेच की, या वेळी विचारायला उशीर झाला, पण विचारले.