उतारावरचा गिअर

नेरळ स्टेशनाबाहेरून माथेरानच्या घाटात टॅक्सी चालवणारे दोन सख्खे भाऊ होते. त्यांचे वडील घोडेवाले. माथेरानात मोटारींना बंदी आहे. खालून आलेली गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते आणि तिथून पुढे माणूस पायी जातो, नाहीतर घोडा किंवा रिक्षा करतो. वडिलांचे सारे आयुष्य दस्तुरीपासून गावापर्यंतच्या त्या तांबड्या वाटेवर लगाम धरून चालण्यात गेले. संध्याकाळी खोगीर उतरवले की ते घोड्याचे चारही खूर उचलून चाचपून बघत. नालेत खडा अडकलाय का, खूर चिरलाय का. मुलांना म्हणत, "ज्याच्या पाठीवर आपलं पोट, त्याच्या पायाखाली रोज बघायचं."

वडील थकले, घोडा विकला गेला. एका दसऱ्याला दोघा भावांनी सारख्याच दोन व्हॅन घेतल्या, झेंडूच्या माळा घातल्या आणि एकाच दिवशी नंबर लावला.

हा घाट गाडीची परीक्षा बघणारा आहे. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर. १९०७ साली सुरू झालेली छोटी आगगाडी हा डोंगर जवळपास २१ किलोमीटर वळणे घेत घेत चढते. मोटारीचा रस्ता तेवढीच उंची त्याच्या निम्म्याहून कमी अंतरात गाठतो. त्यामुळे चढण उभी, वळणे आखूड, आणि सगळा भार क्लच-गिअरवर.

थोरला ज्या गिअरमध्ये चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. उतारावर इंजिनच गाडीला मागे धरायचे आणि ब्रेकला थोडेच काम उरायचे. शनिवार-रविवारी चढावर गाड्यांची रांग लागली की तो हँडब्रेक ओढून थांबे. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरत नसे. गिअर टाकून झाला की डावा पाय क्लचवरून काढून खाली ठेवी. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकत नसे. आणि सकाळी गाडी काढल्यावर, ती जिथे उभी होती तिथली जमीन वाकून बघत असे.

धाकट्याला हे सगळे वेळखाऊ वाटे. तो उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडून देई. "तेवढंच पेट्रोल वाचतं दादा," म्हणे. चढावर क्लच अर्धा दाबून गाडी झुलवत ठेवी. वळवताना गाडी पुढे सरकत असतानाच रिव्हर्स खेचे. दिवसाला त्याची एक फेरी जास्त होई, चार पैसे जास्त सुटत. नाक्यावरची माणसे त्याची वाहवा करत. पहिली दोन वर्षे दोन्ही गाड्या सारख्याच पळत होत्या. थोरल्याच्या काळजीचा उपयोग कुणालाच दिसत नव्हता.

मग एका पावसाळ्यात उल्हास नदीला पूर आला आणि सखल रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले. दोघांनीही त्यातून गाड्या काढल्या. दुसऱ्या दिवशी थोरल्याने धंदा बंद ठेवला आणि गाडी मेस्त्रीकडे नेली. गिअरबॉक्सचा बोल्ट काढला तर तेल दुधाळ झालेले. आत पाणी शिरले होते. मेस्त्रीने ते सगळे काढून टाकले, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचे नवे गिअर ऑईल भोकाच्या काठापर्यंत भरले आणि गळके सील बदलले. तेलाचे पैसे गेले, दिवसाची कमाई बुडाली.

"तुझीही दाखवून घे," थोरला म्हणाला.

"चालतेय ना दादा? चालत्या गाडीला कशाला हात लावायचा?"

गाडी चालत होती, पण सांगतही होती. ती उभी राहायची तिथे रुपयाएवढा तेलाचा डाग पडू लागला. इंजिनातले तेल थोडेफार जळून कमी होते. गिअरबॉक्समधले जळत नाही. ते कमी होतेय म्हणजे कुठून तरी गळतेय. धाकट्याने डागावर माती लोटली. दुसरा गिअर टाकताना खरखर होऊ लागली, तेव्हा त्याने दांडा जोरात ढकलायची सवय केली. तिसऱ्या गिअरला घरघर सुरू झाली, तेव्हा गाण्याचा आवाज वाढवला.

मे महिन्यातल्या एका रविवारी तो दस्तुरीहून भरली गाडी घेऊन निघाला. नेहमीप्रमाणे न्यूट्रल. वळणामागून वळणे ब्रेकवरच घेतली. अर्ध्या घाटात ब्रेक तापले, जळका वास आला आणि पॅडल मऊ लागू लागले. त्याने दुसरा गिअर टाकायला दांडा ढकलला. दात खरखरले, पण गिअर पडेना. पुन्हा ढकलला, तरी पडेना. शेवटी हँडब्रेक ओढत त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि ती कडेच्या चरात रुतून थांबली. कुणाला खरचटलेही नाही. पण मागे बसलेले लहान मूल कितीतरी वेळ रडत होते.

थोरला वर येत होता. त्याने गाडी बाजूला घेतली, भावाच्या चाकांना दगड लावले, पाठीवर हात ठेवला. बोलला काहीच नाही.

मेस्त्रीने गिअरबॉक्स उघडला. तेल अर्ध्याहून कमी, काळे, आणि त्यात पितळेचा चुरा चमकत होता. गिअर पडण्याआधी चक्रांचा वेग जुळवून देणाऱ्या पितळी रिंगा झिजून गेल्या होत्या. बेअरिंगला खड्डे पडले होते. क्लचप्लेट जळाली होती.

"रोज पडणारा गिअर आजच कसा पडला नाही?" धाकट्याने विचारले.

"अडला आज," मेस्त्री म्हणाला, "झिजला मात्र रोज. तू ज्या दिवशी डागावर माती लोटलीस, त्या दिवशी हे काम एका सीलचं होतं."

ऐन हंगामात धाकट्याची गाडी खोलून पडली. वर्षभर जादा फेरी मारून जमवलेले पैसे सामानात आणि मजुरीत गेले. तेव्हा थोरल्याने आपली किल्ली पुढे केली. "दुपारपर्यंत मी, दुपारनंतर तू. पहिला उतार मात्र मी शेजारी बसतो."

त्या दिवशी धाकटा पहिल्यांदा दुसऱ्या गिअरमध्ये सबंध घाट उतरला. गाडी स्वतःच स्वतःला धरत होती. ब्रेकला पाय लागला तो फक्त वळणांवर. खाली पोहोचल्यावर त्याने चाकाजवळ हात नेला. ते जेमतेम कोमट होते. त्याने घड्याळ बघितले. न्यूट्रलमध्ये सोडून वाचायची ती अवघी काही मिनिटे, आणि तेवढ्यासाठी तो रोज गाडीभर माणसांचा जीव टांगणीला लावत होता.

तात्पर्य : ज्याच्या जिवावर आपला संसार चालतो, त्याची निगा ते चालू असतानाच राखावी. कुरकुर लहान असते तेव्हाच ऐकली, तर खर्चही लहानच राहतो. आळस करून वाचवलेला वेळ आणि पैसा पुढे दामदुपटीने फेडावा लागतो, आणि त्यात सोबतच्यांचा जीवही पणाला लागतो.