मिटलेलें पान

मनुष्याच्या हातून एकदां घडलेली गोष्ट न घडल्यासारखी करतां येते काय, हा प्रश्न धर्मशास्त्रकारांनीं प्रायश्चित्ताच्या प्रकरणांत आणि व्यवहारी लोकांनीं म्हणींच्या द्वारें आपापल्या परीनें सोडविला आहे. शास्त्रकार म्हणतात, दोष धुतां येतो. म्हण म्हणते, सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत येत नाहीं. या जुन्या वादांत अलीकडे एका तिसऱ्या पक्षानें प्रवेश केला आहे. त्याचा वास ग्रंथांत नाहीं. घरोघरीं टेबलावर पडलेल्या टॅब्लेट नांवाच्या कांचेच्या पाटीवर आहे. त्याचें म्हणणें असें कीं, बोट चुकून पडलें तरी चिंता नको. मिटलेलें पान पुन्हां उघडतां येतें. या म्हणण्यांत तथ्य किती आणि त्यापासून आपण काय घ्यावें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. निमित्त घरगुती आहे. तें आधीं सांगतों.

आमच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत कोणा कारकुनाच्या हातून जन्मसालाचा एक आंकडा चुकला आणि तो दुरुस्त करून घेण्यासाठीं आम्हांला तीन महिने हेलपाटे घालावे लागले. अखेर एके संध्याकाळीं त्या कचेरीच्या संकेतस्थळावरील तक्रारीच्या चौकटींत सगळा संताप ओतण्यास आम्ही बसलों. नियमांचीं, अर्जांचीं, जुन्या परिपत्रकांचीं अशीं आठ-दहा पानें उघडून ठेविलीं होतीं; वहींतून डोकावणाऱ्या खुणेच्या चिठ्ठ्यांप्रमाणें त्यांच्या टॅब ब्राउझरच्या माथ्यावर ओळीनें लागल्या होत्या. दीड तासांत तक्रार पुरी होत आली. कारकुनाचा निष्काळजीपणा, त्याची अपात्रता, त्याच्या वरिष्ठांची झोंप, यांपैकीं कांहींहि आम्हीं सोडलें नव्हतें. इतक्यांत आमची आठ वर्षांची नात आपण काढलेलें चित्र दाखविण्यासाठीं शेजारीं येऊन वाकली, तिचें बोट त्या टॅबवरील बारीक फुलीवर पडलें, आणि तक्रारीचें पान नाहींसें झालें. आम्ही तिला जें बोललों तें सर्व येथें लिहिण्यासारखें नाहीं. ‘तुला कधीं अक्कल येणारच नाहीं,’ हा त्यांतील सौम्य भाग होता.

मुलीनें डोळे पुसले, पाटी आपल्याकडे ओढली, आणि कोपऱ्यांतील अधिकाच्या चिन्हावर बोट ठेवून तें तसेंच दाबून धरिलें. नुकत्याच मिटलेल्या पानांची यादी उघडली. तींतील पहिल्या नांवाला बोट लावतांच तक्रारीचें पान जेथल्या तेथें आलें. ‘आजोबा, नुसतं टेकवलंत तर कोरं पान येतं, थोडा वेळ धरून ठेवलंत तर जुनं सांपडतं,’ एवढें बोलून ती आंत निघून गेली. पान आलें खरें, परंतु तक्रारीची चौकट रिकामी होती.

असें कां व्हावें, हें यंत्राची रीत पाहिली म्हणजे कळतें. टॅब मिटली तरी तिच्या पानाचा पत्ता, आणि त्या टॅबमधून आपण कोणकोणत्या पानांवरून फिरत आलों त्याची वाट, ब्राउझर कांहीं काळ लक्षांत ठेवितो. संगणकावरील फायरफॉक्स ब्राउझरमध्यें २००६ सालच्या आवृत्तीपासून ही सोय आहे. आयपॅडवरील सफारींत ती अधिकाच्या चिन्हामागें दडलेली असते. पुन्हां उघडण्याची आज्ञा मिळतांच ब्राउझर त्याच पत्त्यावर जातो आणि पान नव्यानें मागवून आणितो. परंतु त्या पानावर आपण टंकलेला आणि अद्याप न पाठविलेला मजकूर कोठेंहि पोंचलेला नसतो. तो बहुधा जातो तो जातोच. खासगी रीतीनें पानें उघडलीं असल्यास त्यांचा इतिहासहि ठेविला जात नाहीं. म्हणजे जी परत मिळते ती जागा; त्या जागीं आपण केलेलें काम परत मिळतेंच असें नाहीं.

केलेलें मागें घेण्याची ही कल्पना ब्राउझरहून जुनी आहे. १९७६ साली आयबीएम कंपनींतील मिलर आणि थॉमस या दोन संशोधकांनीं, संगणक वापरणाराला निदान आपली शेवटची आज्ञा मागें घेतां यावी, असें सुचविलें होतें. या सुचनेच्या मुळाशीं मनुष्यस्वभावाविषयीं मोठें औदार्य आहे असें आम्हांस वाटतें. ‘चुकूं नकोस’ असें बजावणें सोपें असतें. ‘तूं चुकशील हें आम्हीं धरूनच चाललों आहों’ असें म्हणून तशी तजवीज करून ठेवणें कठीण. ज्यांनीं उभ्या आयुष्यांत टंकयंत्रालाहि हात लावला नव्हता अशा वृद्ध स्त्रिया आज टॅब्लेटवर नातवंडांचे फोटो निर्धास्तपणें पाहतात, त्याचें एक कारण हेंच कीं, एक बोट चुकल्यानें सर्वनाश होत नाहीं हें त्यांना अनुभवानें कळलें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, अशा सोयीनें मनुष्य बेसावध होतो. भरून काढतां येते म्हणून चूक स्वस्त होते. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. महाभारताच्या सौप्तिक पर्वांत अश्वत्थाम्यानें अस्त्र सोडलें आणि त्याच्या निवारणार्थ अर्जुनानेंहि सोडलें. व्यास व नारद मध्यें उभे राहिले तेव्हां अर्जुनानें आपलें अस्त्र आवरून घेतलें. अश्वत्थाम्याला तें साधेना, आणि त्याचें अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडलें. सोडण्याची विद्या दोघांनाहि होती. आवरण्याचें सामर्थ्य मात्र ज्यानें मन आवरलें होतें त्यालाच होतें. आमच्या काळीं आवरण्याची विद्या यंत्रानें सरसकट सर्वांना वाटून टाकिली आहे, आणि तींत मन आवरण्याची अट नाहीं.

परंतु यंत्र तरी या बाबतींत आपण समजतों तितकें समर्थ आहे काय? जीमेलमध्यें पाठविलेलें पत्र परत घेण्याची जी सोय आहे तिचें मर्म पाहण्यासारखें आहे. पाठविण्याची खूण दाबल्यावर पत्र लगेच जातच नाहीं. आपण ठरवूं त्याप्रमाणें पांच सेकंदांपासून फार तर तीस सेकंदांपर्यंत तें दाराशीं थांबवून धरिलेलें असतें. तेवढ्यांत मन बदललें तर तें निघतच नाहीं. एकदां निघालें म्हणजे आपल्याकडील या सोयीचा कांहीं उपयोग नाहीं. येथें यंत्रानेंहि जुन्या म्हणीपुढें मान तुकविली आहे. सुटलेला बाण त्याला परत आणतां आला नाहीं. त्यानें फक्त प्रत्यंचा क्षणभर ओढून धरिली.

आमच्या तक्रारीचें पुढें असें झालें कीं, ती आम्हांला दुसऱ्या दिवशीं पहिल्यापासून लिहावी लागली. लिहितांना पहिल्या मजकुरांतील कारकुनाविषयींचीं वाक्यें आठवत होतीं. पण तीं पुन्हां हातानें उमटविण्याची लाज वाटूं लागली. त्याचा अपराध काय? एका आंकड्याच्या जागीं दुसऱ्यावर बोट पडलें, एवढाच. आणि त्याच्या त्या बोटाची शिक्षा मागत असतांनाच आम्हीं एका लहान बोटाला शिक्षा देऊन टाकिली होती. कचेरीनें तीन महिने दुरुस्ती केली नाहीं हा दोष खरा. तो आम्हीं चार ओळींत लिहिला आणि पाठविला. पुढें चार दिवसांनीं अगदीं तसेंच एक पान आम्हीं स्वतःच्या हातानें मिटलें. त्या वेळीं अकलेचा प्रश्न आम्हीं कोणापाशीं काढिला नाहीं; मुकाट्यानें अधिकाचें चिन्ह दाबून धरिलें.

यावरून आमची समजूत अशी झाली आहे कीं, चूक भरून काढण्याची सोय ही नीतीला घातक नाहीं. ती आपण फक्त आपल्यापुरती राखून ठेवितों, हें घातक आहे. आपलें बोट चुकलें तर आपणांस यंत्रानें क्षमा करावी, आणि दुसऱ्याचें चुकलें तर त्याची जन्मभराची लायकी ठरावी, हा न्याय घरांत, कचेरींत, शाळेंत सर्वत्र चालतो. यंत्र करणारांनीं आपल्या न पाहिलेल्या माणसांसाठीं जी सवलत ठेविली, ती आपण समोरच्या माणसाला देऊं नये, हें शोभत नाहीं.

नातीची आम्हीं त्याच रात्रीं माफी मागितली. ‘असूं दे, आजोबा,’ असें ती म्हणाली, आणि तें तिनें मनापासून म्हटलें यांत आम्हांला शंका नाहीं. पण त्या दिवसापासून आमच्या टेबलाजवळ येण्यापूर्वीं ती ‘येऊं का?’ असें विचारते. पूर्वीं विचारीत नसे. क्षमेनें पान उघडतें. त्यावर जें विश्वासाचें लिहिलेलें होतें तें आपोआप परत येत नाहीं, तें पुन्हां अक्षर अक्षर लिहावें लागतें. म्हणून हल्लीं संध्याकाळीं टॅब्लेट पालथा घालून आम्हीच तिच्या टेबलाशीं जातों आणि ‘येऊं का?’ असें विचारतों. त्या दिवशीं पाहावयाचें राहून गेलेलें चित्र तिनें परवां दाखविलें. त्यांत एक आजोबा आहेत, आणि त्यांच्या हातांत पाटी नाहीं.