ऐकणाऱ्यांची कादंबरी

सेर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली निघाला. त्यातल्या ३२व्या प्रकरणात नायक वर माळ्यावर झोपला आहे आणि खाली सराईत पुस्तकांवरून वाद चाललाय. शूरवीरांच्या कादंबऱ्यांनीच या माणसाचं डोकं फिरवलं, असं पाद्रीबुवांचं म्हणणं. सराईवाल्याला ते मुळीच मान्य नाही. सुगीच्या दिवसांत, सुट्टीच्या वारी कापणीवाले इथे जमतात. त्यांच्यात एखादा तरी साक्षर निघतोच. तो पुस्तक हातात घेतो आणि तीसहून जास्त माणसं त्याला वेढून बसतात. असल्या पुस्तकांना वाईट कसं म्हणायचं?

मग जो तो आपली आवड सांगू लागतो. सराईवाल्याला तलवारींचे घणाघाती वार ऐकायचे असतात. त्याच्या बायकोला वाचनाची वेळ आवडते, कारण नवरा ऐकण्यात इतका गुंगतो की तेवढा वेळ घरात भांडण नसतं. मारितोर्नेस ही मोलकरीण संत्र्याच्या झाडाखालच्या प्रेमिकांवर जीव टाकते. सराईवाल्याच्या मुलीला वीरांचे विरहाचे उसासे हवेत. सगळं समजत नसलं तरी ती रडते. वाचककेंद्री समीक्षेचे जाडजूड ग्रंथ पुढे तीन-साडेतीन शतकांनी आले. त्यांतला बराच ऐवज सेर्व्हान्तेसने या पान-दीड पानात, तोही हसत हसत, मांडून ठेवला आहे असं मला वाटतं.

पुढे एका पाहुण्याच्या विसरलेल्या पेटीत सापडलेली एक कथा पाद्रीबुवा सगळ्यांना वाचून दाखवतात. शेवट जवळ आलेला असतानाच नायकाचा सेवक सान्चो ओरडत येतो : वर मालकाने राक्षस समजून दारूचे बुधले फाडलेत! तो गोंधळ निस्तरल्यावर वाचन पुरं होतं आणि बुवा लगेच मत देतात : सांगण्याची रीत छान, पण नवरा-बायकोत असं घडेल हे पटत नाही. आपल्याकडे श्रीधराच्या ‘हरिविजया’ची पोथी लावून ऐकणाऱ्या घरांत श्रोत्यांना गोष्ट आधीच ठाऊक असे, आणि कथानक पटलं की नाही हा प्रश्न कुणी काढत नसे. सराईतल्या मंडळींना पुढचं पान माहीत नाही आणि ग्रंथाचा धाकही नाही.

दरवर्षी एप्रिलमध्ये माद्रिदच्या ‘सिर्कुलो दे बेयास आर्तेस’ या संस्थेत हीच कादंबरी अखंड वाचली जाते. शेकडो वाचक, जवळपास दोन दिवस. उपक्रम देखणा आहे. पण तिथे मध्येच थांबून हुज्जत घालायची सोय नाही, आणि सराईचा सगळा जीव हुज्जतीत होता.

तो जीव मला दिसतो तो हवानाच्या चिरूट कारखान्यांत. १८६५ साली, म्हणजे ‘डॉन किहोते’नंतर बरोबर २६० वर्षांनी, ‘एल फिगारो’ कारखान्यात कामगारांनी आपल्यातल्याच एकाला वाचायला बसवलं. त्याची बुडालेली मजुरी बाकीच्यांनी भरून द्यायची, असा हिशेब होता. याचं फार रम्य चित्र रंगवलं जातं. खरं तर दिवसभर तीच तंबाखूची पानं वळण्याचा कंटाळा हेच यामागचं मोठं कारण असणार. पुढच्याच वर्षी सरकारने बंदी घातली. हुकूम नुसता वाचनाविरुद्ध नव्हता. कामाशी संबंध नसलेल्या चर्चेलाही त्यात मनाई होती. कुणीतरी नीट विचार करून काढलेला हुकूम होता तो.

बंदी टिकली नाही, पुन्हा आली, पुन्हा उठली. चिरुटांच्या धंद्याबरोबर वाचक फ्लोरिडातही गेले : की वेस्टला, टॅम्पाच्या ईबोर सिटीत. उंच चौथऱ्यावर बसून ते आधी वर्तमानपत्रं आणि मग कादंबरी वाचत. कादंबरी कोणती, हे कामगार मतदानाने ठरवत. किहोते असे, तसे ह्यूगो आणि झोलाही स्पॅनिशमधून असत. मजकूर आवडला की पानं कापायच्या सुऱ्या मेजांवर खडाखडा वाजत.

टॅम्पाच्या मालकांना यातून जहाल विचार पसरताना दिसले. १९३१ साली त्यांनी वाचकांना काढून टाकलं. त्यावरून संप झाला, पण वाचक परत आले नाहीत. त्यांच्या जागी रेडिओ आला. वाचकाला पैसे कामगार स्वतःच्या खिशातून देत, म्हणून त्याने काय वाचायचं तेही तेच ठरवत. रेडिओ मालकाचा होता.